मॉनिटर गेला म्हणून लगेच बर्डी गाठू नका: कमी पैशात टिकाऊ मॉनिटर घ्यायची नीट पद्धत

उन्हाळा लागला की मला ठरलेले फोन येतात. "भाऊ, मॉनिटर गेला ना, कोणता घेऊ सांग लवकर." मी काही विचारायच्या आत पुढचं वाक्य, "बर्डीवरच उभा आहो, दुकानात." बर्डी म्हणजे आमच्या नागपूरचा सीताबर्डी बाजार. आता दुकानात उभं राहिल्यावर काय सांगणार बावा, समोर जे मांडून ठेवलंय त्यातलंच एक उचलायचं असते. मग आठ दिवसांनी दुसरा फोन. केबल बसून नाही राहिली, अक्षरं फाटल्यासारखी दिसून राहिली, नाहीतर टेबलाच्या फळीखाली मॉनिटर जातच नाही.

चूक होते ती क्रमात. लोक आधी कंपनी ठरवतात, मग इंच, मग पैसे, आणि पोर्ट, वॉरंटी वगैरे घरी आल्यावर बघतात. खरा क्रम याच्या जवळपास उलटा आहे. माझं नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं, म्हणजे छापायचा मजकूर कंप्युटरवर मांडायचं, छोटं काम आहे, लग्नपत्रिका, बॅनर, मराठी टायपिंग, दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोरच जातात, त्यामुळे यातल्या निम्म्या चुका मी स्वतःच्या पैशाने केलेल्या आहेत. खालचं सगळं घरच्या, ऑफिसच्या, अभ्यासाच्या साध्या कंप्युटरसाठी आहे. फोटो-व्हिडिओचा धंदा असेल तर त्याचं गणित वेगळं.

टप्पा १: मॉनिटर खरंच गेला का, हे आधी पक्कं करा

याला पंधरा मिनिटं लागतात आणि बरेचदा इथेच काम संपते.

मॉनिटरच्या मागची व्हिडिओ केबल काढा, फक्त वीज चालू ठेवा आणि बटण दाबा. स्क्रीनवर "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" असं काही आलं तर मॉनिटर जिवंत आहे, दोष केबलमध्ये नाहीतर सीपीयूमध्ये. रॅम (सीपीयूच्या आतली मेमरीची पट्टी) काढून पुसून बसवली की निम्मे कंप्युटर पुन्हा चालू होतात हे तुम्हालाही माहीत असेल.

काहीच आलं नाही पण मॉनिटरच्या बटणाची लाइट लागून आहे, तर केबल परत जोडा, कंप्युटर चालू करा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारून बघा. अंधुक आयकॉन, खिडक्या दिसल्या म्हणजे चित्र येतंय, मागची बॅकलाइट गेली आहे. ती दुरुस्त होते, पण जुन्या मॉनिटरवर किती खर्च करायचा ते कारागिराला आधी आकडा विचारूनच ठरवा.

लाइटच लागत नाही किंवा नुसती लुकलुकते, तर बाहेरचा अडॅप्टर तपासा. इथे माझी गोष्ट सांगतो. एका मे महिन्यात माझा मॉनिटर बंद पडला, मी त्याच दिवशी नवीन आणला आणि जुना दोनशे रुपयात भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो. महिन्याभराने ड्रॉवरमध्ये त्याचा अडॅप्टर सापडला, व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघितला तर शून्य. म्हणजे गेला होता तो अडॅप्टर, मॉनिटर चांगला होता. काही शेकड्यांचं काम मी आठ हजारात केलं.

अडॅप्टर बदलताना त्याच्यावर लिहिलेले व्होल्ट अगदी तेवढेच पाहिजेत, १२ असेल तर १२, १४ असेल तर १४, १९ असेल तर १९. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. पिन आणि तिचं प्लस-मायनसही जुळलं पाहिजे.

स्क्रीनवर उभी रेघ आली असेल तर मॉनिटरचं स्वतःचं मेनू बटण दाबा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच, गेलं, त्याच्या दुरुस्तीत पैसे टाकू नका, पॅनल बदलायचा खर्च नवीन मॉनिटरच्या जवळ जातो. रेघ मेनूवर येत नसेल तर ग्राफिक कार्ड किंवा केबलवर संशय घ्या.

तपासा: मॉनिटर एकदा दुसऱ्या लॅपटॉपला आणि सीपीयू एकदा घरच्या टीव्हीला जोडून बघितला का? दोन्ही केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टप्पा २: टेप घ्या आणि टेबल मोजा

हसू नका. आपल्याकडे अजून कितीतरी घरात ते जुनं कंप्युटर टेबल आहे, वर फळी असलेलं, जाड डब्ब्या मॉनिटरच्या काळातलं. २४ इंची मॉनिटर स्टँडसकट साधारण ४१ ते ४५ सेंटीमीटर उंच असतो, रुंदी ५४ च्या आसपास. २७ इंची धरला तर रुंदी ६१ च्या घरात जाते. स्टँडचा पाय मागे-पुढे वीसेक सेंटीमीटर जागा खातो, म्हणजे कीबोर्ड तेवढा पुढे सरकला. फळीखालची उंची, मधली रुंदी आणि डोळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर, हे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. डोळा आणि स्क्रीनमध्ये हातभर अंतर राहिलं पाहिजे. टेबल अरुंद असेल तर २७ इंचीचा नाद सोडा, मान इकडून तिकडे फिरवत बसाल.

टेबल कुठे आहे तेही बघा. कूलरच्या सरळ झोतात मॉनिटर ठेवणारे मी खूप पाहिले. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, खोलीत बसायचं तर कूलर पाहिजेच, पण त्याची ओली हवा मॉनिटरच्या मागच्या फटीतून आत जाते आणि पाण्यातला क्षार बोर्डवर पांढरा बसतो. बहुतेक मॉनिटर ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं कंपनीच लिहिते, म्हणजे कूलर बंद करून दुपारी तापलेल्या स्लॅबखाली चालवणंही बरं नाही. कूलर चालू ठेवा, मॉनिटर बाजूला घ्या. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको, चारनंतर स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड दिसते.

टप्पा ३: सीपीयूच्या मागचा फोटो काढा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते म्हणून जरा सावकाश वाचा.

सीपीयूची मागची बाजू उजेडात करा आणि मोबाइलने स्पष्ट फोटो काढा. निळं, पंधरा भोकांचं ते व्हीजीए. पांढरं, लांबट, बरीच भोकं आणि बाजूला आडवी पट्टी असलेलं डीव्हीआय. चपटं, टीव्हीसारखं ते एचडीएमआय. त्याच्यासारखंच पण एकच कोपरा कापलेला असेल तर डिस्प्लेपोर्ट. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर खाली आडवे पोर्ट दिसतील, केबल तिथेच लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

सीपीयूला एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला, आजचा जवळपास प्रत्येक मॉनिटर चालतो. फक्त व्हीजीए असेल तर व्हीजीए असलेलाच मॉनिटर शोधा, ऑफिससाठीच्या साध्या मॉडेलांत तो अजून मिळतो. नाही मिळाला तर कन्व्हर्टर लागतो, आणि इथे लोक हमखास उलटा आणतात. दुकानात शंभरातले नव्वद कन्व्हर्टर "एचडीएमआय टू व्हीजीए" असतात, म्हणजे नवीन सीपीयू आणि जुना मॉनिटर यांच्यासाठी. तुम्हाला पाहिजे "व्हीजीए टू एचडीएमआय", ज्याला वीज द्यायला एक यूएसबीची शेपटी असते. हे एकाच दिशेने चालतात, उलटे लावले तर चित्रच येत नाही. डीव्हीआयवाल्यांचं बरं आहे, साधी डीव्हीआय टू एचडीएमआय केबल पुरते, फक्त आवाजासाठी मॉनिटरच्या स्पीकरवर अवलंबून राहू नका.

सावधान: इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा कंप्युटर असेल तर त्याच्या एचडीएमआयमधून १९२० बाय १२०० ठिपक्यांपेक्षा मोठं चित्र निघत नाही. त्याला २७ इंची टूके (२५६० बाय १४४० ठिपक्यांचा) मॉनिटर लावायचा म्हणजे बैलगाडीला विमानाचं चाक. फुल एचडीच घ्या.

टप्पा ४: साइज आणि पॅनल ठरवा, मराठी वाचून ठरवा

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, मग स्क्रीन २२ इंच असो की २७. तेच ठिपके मोठ्या जागेवर पसरले की अक्षर फाटते. २४ इंचात दर इंचाला साधारण ९२ ठिपके पडतात, २७ इंचात ८२. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, आपल्याला जाणवते, कारण आपली अर्धी भाषा रेघेच्या वर आणि खाली आहे. रफार, अनुस्वार, वेलांटी एकमेकांत मिसळतात. मी एकदा हौसेने २७ इंची फुल एचडी आणला आणि एका पत्रिकेच्या प्रूफमध्ये "आशीर्वाद"चा रफार निसटला तो मला दिसलाच नाही, तीनशे पत्रिका पुन्हा छापल्या, माझ्या खर्चाने.

म्हणून माझं मत सरळ आहे. फुल एचडी घ्यायचा तर २२ किंवा २४, त्याच्या वर नाही. २७ पाहिजेच असेल तर २५६० बाय १४४० घ्या, त्याचे पैसे मोजायची तयारी ठेवा. आणि कोणी सांगितलं की ३२ इंची टीव्हीच लावून टाक, स्वस्त पडते, तर नाही म्हणा. स्वस्तातले ३२ इंची टीव्ही बहुतेक १३६६ बाय ७६८ चे असतात, पिक्चर बघायला ठीक, सातबारा वाचायला बसलात की डोकं धरून उठाल.

दुकानात तपासायची सोपी युक्ती: मोबाइलमध्ये एखादा सातबारा किंवा मराठी पेपरची पीडीएफ ठेवा, दुकानदाराला लावायला सांगा आणि शंभर टक्के झूमवर हातभर लांबून वाचा. "र्‍या", "ङ्क", "र्ं" असलेले शब्द शोधा. वाचता आले तर पुढे बोला.

पॅनल तीन प्रकारचं मिळते. आयपीएस घ्या, कुठूनही बघितलं तरी रंग तसाच राहते. व्हीएमध्ये काळा रंग जास्त खोल दिसते, रात्री अंधारात पिक्चर बघणाऱ्यांना आवडेल, पण काळ्या पानावर वेगाने स्क्रोल केलं की मागे सावली सुटते. टीएन आता सेकंड हँडमध्येच जास्त दिसते, उभं राहून बघितलं की रंग उडाल्यासारखा होते, ते टाळा.

बाकी खोक्यावरच्या आकड्यांचं सांगायचं तर "१ एमएस" (ठिपका रंग बदलायला लागणारा वेळ) आणि लाखो-कोटींचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (उजेड-काळोखातला फरक) यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. ७५ किंवा १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणं, आजकाल त्याच भावात येते, मिळालं तर उत्तम, पण १४४-१६५ टायपिंगला कशाला पाहिजे. कर्व्ह स्क्रीन या साइजमध्ये नुसती शोभा. विजेची बचतही मनावर घेऊ नका, २४ इंची मॉनिटर वीसेक वॅट खाते, रोज आठ तास चालवला तरी महिन्याला पाच युनिटच्या आसपास. पैसे खर्च करायचेच तर उंची कमी-जास्त होणाऱ्या स्टँडवर करा. ते जमत नसेल तर निदान मागे व्हेसाची (मॉनिटर अडकवायच्या स्क्रूची ठरलेल्या मापाची) चार भोकं आहेत का बघा, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची, पुढे मॉनिटर आर्म म्हणजे हलता स्टँड लावता येते. स्वस्त मॉडेलमध्ये नेमकी तीच गायब असतात.

टप्पा ५: कंपनी नंतर, सर्व्हिस आधी

डेल, एलजी, सॅमसंग, बेनक्यू, एसर, यातली कुठली चांगली असं विचारतात. साध्या मॉनिटरमध्ये फार फरक नसते राजे हो. फरक पडते तो बिघडल्यावर. तुमच्या बजेटमधले दोन-तीन मॉडेल निवडा, प्रत्येकाच्या टोल फ्री नंबरवर फोन लावा आणि आपला ४४० चा पिनकोड सांगून तीन गोष्टी विचारा. वॉरंटी किती वर्षं आणि पॅनलवर पण तेवढीच का? माणूस घरी येते की मॉनिटर आपण न्यायचा? न्यायचा असेल तर नागपुरातच दुरुस्त होते की बाहेरगावी पाठवतात?

तीन वर्षांची वॉरंटी देणारे बरेच आहेत, काही स्वस्त मॉडेलवर एकच वर्ष असते. पाचशे रुपयांच्या फरकासाठी दोन वर्षं सोडायची नाहीत. आणि हे पण ऐकून घ्या, तुटलेलं पॅनल, पाणी, किडे यांना बहुतेक वॉरंटी लागू होत नाही. एखाद्या मेलेल्या ठिपक्यासाठी बरेचदा मॉनिटर बदलून देत नाहीत, फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि त्यातले किती बिघडले म्हणजे बदलायचं याची प्रत्येक कंपनीची स्वतःची मर्यादा असते. तीही फोनवरच विचारून घ्या.

तपासा: खोक्यावर आणि मागच्या स्टिकरवर बीआयएसचा (सरकारच्या भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि "आर" ने सुरू होणारा नंबर पाहिजे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून कंपनीचं नाव जुळते का बघता येते.

टप्पा ६: खरेदीचा दिवस

आता जा बर्डीवर. निघायच्या आधी निवडलेल्या मॉडेलचा ऑनलाइन भाव बघून ठेवा. सध्या २२ इंची साधा आयपीएस सहा-साडेसहा ते आठ हजार आणि २४ इंची साडेसात ते दहा-अकरा हजाराच्या आसपास माझ्या पाहण्यात आहे. दुकानदार ऑनलाइनपेक्षा तीनशे-पाचशे जास्त म्हणत असेल पण समोर खोकं उघडून लावून दाखवत असेल, तर मी दुकानातून घेतो. ते पैसे वाया जात नाहीत.

मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला एकच मॉनिटर, पण शेवटचं अक्षर बदललं की कधी पोर्ट बदलते, कधी स्टँड. "तेच आहे भाऊ, फक्त नवीन लॉट" यावर विश्वास ठेवू नका. मागच्या स्टिकरवर बनवल्याचा महिना-वर्ष असते, दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल असेल तर भाव पाडून मागा नाहीतर सोडा.

बिल पक्कं. मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि "बिल नको तर कमी करून देतो" ही ऑफर हमखास येते. बिल नाही म्हणजे वॉरंटीचा पुरावा नाही. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच जुळवा. ऑनलाइन मागवला तर खोकं सीलबंद दिसते तेव्हापासून मॉनिटर चालू होईपर्यंतचा एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. दुकानदार किंवा विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सावधान: गाडीवर आणायचा तर मागे बसणाऱ्याने खोकं उभं धरायचं, आडवं मांडीवर नाही. ऑटोचे पन्नास-शंभर द्या आणि सीटवर उभं ठेवून आणा. आमच्या गल्लीतल्या एकाने स्कूटीच्या पायाशी आडवं ठेवून त्यावर किराण्याची थैली ठेवली होती. घरी येईपर्यंत स्क्रीनवर कोळ्याचं जाळं झालं.

टप्पा ७: घरी उघडताना आणि पहिल्या दिवशी

स्टँड बसवायच्या वेळी पॅनल थर्माकोलमध्येच पालथं राहू द्या आणि मागून स्टँड बसवा. उचलताना कडेला चार बोटं आणि समोर काचेवर अंगठा, असं लोक धरतात आणि अंगठ्याखालीच पॅनल दबते. एका हाताने स्टँडची मान, दुसरा हात खालच्या कडेला, समोर बोट लावायचंच नाही.

चालू झाल्यावर या क्रमाने बघा:

१. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्युशन १९२० बाय १०८० आहे का. मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये हर्ट्झ. १०० चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर चालवणारे मी पाहिले.

२. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे कोरे रंग एकेक करून फुल स्क्रीन लावा आणि ठिपके शोधा. आधी मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, धुळीलाच डेड पिक्सेल म्हणून भांडायला गेलेले आहेत.

३. रात्री लाइट बंद करून काळी स्क्रीन लावा. कोपऱ्यात थोडा उजेड दिसेलच. डोकं हलवलं की तो उजेडही हलत असेल तर आयपीएसमध्ये ते चालायचंच. हलत नसेल आणि एका जागी भगभगीत असेल तर बदलून मागा.

४. ब्राइटनेस कंपनीकडून बरेचदा खूप वाढवून येते, ३०-४० वर आणा. "डोळे दुखून राहिले, मॉनिटर खराब आहे" या तक्रारीतल्या निम्म्या इथेच मिटतात.

५. काळा रंग राखाडी आणि सगळं धुतल्यासारखं दिसत असेल तर ग्राफिकच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयची रेंज लिमिटेडवरून फुल करा.

६. सलग तीन-चार तास चालू ठेवा, गरम झाल्यावर लुकलुकते का बघा. हे सगळं बदलून द्यायच्या मुदतीत, पहिल्या दोन-तीन दिवसांतच. खोकं आणि थर्माकोल निदान तोपर्यंत तरी फेकू नका.

वीज: मॉनिटर १०० ते २४० व्होल्टवर चालते, त्यामुळे कमी व्होल्टेजची फार चिंता नाही. मारते ती गेलेली लाइट परत येतानाची उसळी आणि अवकाळीतली वीज. लाइट गेली की बटण बंद करायची सवय लावा, चांगला स्पाइक गार्ड घ्या. त्याच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर स्पाइक गार्ड असून नसल्यासारखा.

पावसाळ्यात अजून एक भानगड होते. बारीक चिलटं स्क्रीनच्या थरांमध्ये शिरतात आणि अक्षरावरून चालताना दिसतात. अंगठ्याने दाबून मारू नका, ते तिथेच चिकटून कायमचा काळा ठिपका होते. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करून कडेला एक दिवा लावून ठेवा, बहुतेक वेळा ते आपणच बाहेर येते.

सेकंड हँड घ्यायचा असेल तर

ऑफिसमधून निघालेले मॉनिटर अर्ध्याहून कमी भावात मिळतात आणि त्यांचे स्टँड नवीन स्वस्त मॉनिटरपेक्षा मजबूत असतात हे खरं. पण मागचं वर्ष बघा, पाच वर्षांच्या वरचा नको. पांढरी स्क्रीन लावून कोपरे पिवळे पडलेत का बघा, अर्धा तास चालवून बघा, आणि स्क्रीन आपल्या टेबलासाठी घेताय हे लक्षात ठेवा, १९ इंची चौकोनी तुकडा पंधराशेला मिळाला तरी त्यावर आजच्या वेबसाइट मावत नाहीत. दुकानदाराची महिन्याभराची तोंडी गॅरंटी बिलाच्या मागे लिहून सही घ्या.

जुना मॉनिटर मात्र भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या एलसीडीच्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असते आणि डब्ब्या मॉनिटरच्या काचेत शिसं, ते फोडून तांबं काढतात. अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या. देण्याआधी त्याचा अडॅप्टर काढून घ्या, मीटर लावून चालतो का बघा, आणि त्यावर पट्टी चिकटवून व्होल्ट लिहून ठेवा.